आत्याचा फ्लॅट, भाचीचं खरेदीखत

२२ एप्रिल २०२३, अक्षय्य तृतीया. आत्याकडे आमरसाचं जेवण होतं. ताटं उचलून झाली, ओटा पुसून झाला आणि आत्या माझ्या धाकट्या बहिणीला म्हणाली, "हा फ्लॅट तूच घे. पंचेचाळीस लाख दे. मला तेवढेच लागतात."

आत्या तेव्हा ७१ वर्षांची. शाळेतून निवृत्त झालेली, पेन्शन चालू, यजमान २०१६ मध्ये गेलेले, मूलबाळ नाही. कोथरूडमधला हा फ्लॅट दोघांनी १९९८ साली ५ लाख ८० हजारांना घेतला होता. ६४० चौरस फूट चटईक्षेत्र, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे आत्याला जिना नकोसा झाला होता. तळेगावजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक निवासात ती खोली पाहून आली होती. तिथली अनामत, महिन्याचा खर्च आणि हाताशी थोडी पुंजी असा हिशेब तिने वहीत मांडला होता आणि त्याची बेरीज पंचेचाळीस लाख येत होती. तिची किंमत ठरली ती अशी, गरजेवरून. बाजारात घर कितीला जातं हे तिने पाहिलंच नव्हतं.

बहीण कोथरूडमध्येच भाड्याने राहत होती. मुलीची शाळा जवळ, दोघांच्या नोकऱ्या पक्क्या, साठवलेले चौदा लाख. तिला तर देवच पावला.

मी बावीस वर्षं एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे कागदपत्रांचं काम दोघींनी माझ्यावर सोपवलं. "घरातलंच आहे, एजंट कशाला?" हे वाक्य त्या दिवशी चार जणांनी म्हटलं. ते बरोबरही होतं. पुण्यात जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात एजंट साधारण एक ते दोन टक्के घेतो, आणि तेही दोन्हीकडून. पण एजंट जे काम करतो त्यातलं गिऱ्हाईक आणणं हे एक झालं. दुसरं, तो परका असतो. "कागद दाखवा", "वारस कोण कोण?", "किंमत एवढी कमी का?" असे प्रश्न तो सहज विचारतो. घरात हे प्रश्न विचारले की अविश्वास वाटतो, म्हणून कोणी विचारत नाही. मी त्याच दिवशी सांगितलं, एजंट नको असेल तर परक्याचं काम मला करू द्या, आणि मी जे विचारीन त्याचा राग धरू नका. दुसरी अट, दोघींचे वकील वेगळे. बहिणीला ती अट लागली. "आत्याशी मी काय भांडणार आहे का?" म्हणाली. मी म्हटलं, भांडणासाठी नाही. आत्याला एकटीला विचारणारं, तुला हे खरंच करायचंय ना म्हणून, कोणीतरी हवं.

सासूबाई

मे महिन्यात बहिणीच्या वकिलांनी आत्याची फाइल मागितली. बिल्डरबरोबरचा १९९८ चा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), यजमानांचा मृत्यूचा दाखला, कर पावती, लाइट बिल. करारनामा दोघांच्या नावाने होता. यजमान गेल्यावर सोसायटीने नामनिर्देशनाच्या आधारे भागदाखला एकट्या आत्याच्या नावावर केला होता. सात वर्षं सोसायटीची बिलं तिच्याच नावाने येत होती. सगळ्यांच्या मनात फ्लॅट तिचा होता. माझ्याही.

वकील कागद चाळत होते. मृत्यूच्या दाखल्यावर थांबले आणि आत्याला विचारलं, "आजी, यजमान गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या?"

"होत्या की. माझ्याचकडे होत्या. त्या दोन वर्षांनी गेल्या, २०१८ ला."

"यजमानांनी मृत्युपत्र केलं होतं?"

"नाही."

वकिलांनी चष्मा काढून ठेवला. मला तेवढ्यात उमगलं होतं, आणि हे मला आधीच दिसायला हवं होतं.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवेबरोबर त्याची आईही असते. मुलं नसतील तर त्याचा वाटा दोघींत समान. म्हणजे फ्लॅटचा अर्धा हिस्सा आत्याचा स्वतःचा. यजमानांच्या अर्ध्यातला निम्मा आत्याला, निम्मा सासूबाईंना. घराचा चौथा हिस्सा २०१६ मध्येच सासूबाईंचा झाला होता, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. पुढे २०१८ मध्ये त्या गेल्या. त्यांचंही मृत्युपत्र नव्हतं. त्यांचा हिस्सा त्यांच्या हयात मुलांकडे गेला: आत्याचा दीर आणि नणंद. आधी गेलेल्या मुलाला मुलं असती तर त्यांना मिळाला असता, पण त्याच्या विधवेला सासूच्या मालमत्तेत तिथे जागा नाही. थोडक्यात, दीर आणि नणंद प्रत्येकी एक अष्टमांश मालक. सोसायटीतलं नामनिर्देशन याने बदलत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा असतो, मालक नव्हे. भागदाखल्यावर एकट्याचं नाव आहे म्हणून निर्धास्त राहिलेली कितीतरी कुटुंबं मी नोकरीत पाहिली आहेत.

आत्या घरी येईपर्यंत बोलली नाही. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "हप्ते आम्ही भरले. मी शिकवण्या घेतल्या. सासूबाईंचं शेवटचं सगळं मी केलं. आणि आता माझ्या घरात त्यांचा वाटा?" तिचं दुःख खरं होतं. पण तोच फ्लॅट आहे तसा बहिणीच्या नावावर झाला असता, तर बहिणीने पैसे पूर्ण मोजले असते आणि तिला मालकी मिळाली असती फक्त पाऊण घराची. पंधरा वर्षांनी ती विकायला निघाली असती तेव्हा पुढच्याच्या वकिलाने हाच प्रश्न विचारला असता, आणि तोवर नणंद-दिरांच्या जागी त्यांची मुलं, सुना, जावई आले असते. शिवाय बँकेने तर कर्जच दिलं नसतं.

मार्ग दोन होते. दीर-नणंदांनी विक्रीच्या दस्तातच मान्यता देणारे पक्षकार म्हणून सही करायची, किंवा आधी त्यांनी वहिनींच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. दोन्ही वकिलांनी दुसरा निवडला, कारण मग मालकीची साखळी स्वच्छ दिसते आणि विक्री करणारी एकटी आत्या राहते. साध्या कागदावर "माझा काही हक्क नाही" असं लिहून सह्या घेणं इथे उपयोगाचं नव्हतं. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो.

माझा एका गोष्टीवर आग्रह होता, आणि त्यावरून घरात थोडं वाजलं. दीर आणि नणंद यांना आकडा सांगायचा. आमचे काका म्हणत होते, "त्यांना कशाला जागं करता? सही मागा, देतील." मला ते पटलं नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुने इंडेक्स टू शोधता येतात. त्यात शेजारच्या इमारतीतला याच मापाचा फ्लॅट वर्षापूर्वी ७० लाखांना गेलेला सापडला. त्या भावाने एक अष्टमांश म्हणजे पावणेनऊ लाख. ज्याला हक्क सोडायचाय त्याला आपण काय सोडतोय हे कळलं पाहिजे. मी दोघांनाही फोनवर तो आकडा सांगितला, वारसाची मांडणी लिहून पाठवली आणि सांगितलं की हिस्सा हवा असेल तर तसं मोकळेपणाने कळवा, तो तुमचा हक्क आहे.

सांगलीचे दीर दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "दादाने आणि वहिनींनी घेतलेलं घर. आईला वहिनींनी सांभाळलं. मला त्यातला रुपया नको." इंदूरच्या नणंदेने आठ दिवस घेतले. तिच्या मुलाने मला दोनदा फोन करून बारीकसारीक विचारलं, आणि विचारलं हे चांगलंच झालं. मग तिचा स्वतःचा फोन आला, आत्यालाच. "वहिनी, मी येते सहीला. मला पैसे नकोत. आईचं तांब्याचं घंगाळ तुमच्याकडे आहे ना, ते द्याल?"

"वन्सं, ते तुमचंच आहे," आत्या म्हणाली आणि मग कितीतरी वेळ दोघी घंगाळाबद्दलच बोलत राहिल्या. दिवाळीत अंघोळीला ते कसं भरून ठेवत, कोण चिंचेने घासायचं.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून. नणंदेला अधिक महिन्यात सही करायची नव्हती, म्हणून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच हक्कसोडपत्र नोंदवलं. विनामोबदला. पतीचा भाऊ आणि बहीण आयकर कायद्याच्या व्याख्येत नातेवाईकच असल्याने आत्याला यावर कर लागला नाही.

पंचेचाळीस की त्रेपन्न

आता किंमत. आमच्या घरात याबद्दल तीन मतं होती आणि तिन्ही चुकीची निघाली.

पहिलं, "बक्षीसपत्र करा, दोनशे रुपयांत होतं." ही दोनशे रुपयांची सवलत महाराष्ट्रात आहे, पण राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिली तर. भाऊ-बहीण आणि आईवडिलांसाठी तीन टक्क्यांची वेगळी तरतूद. भाची दोन्ही यादीत नाही. आणि आत्याला पैसे हवे होते, त्यामुळे बक्षीस हा मार्गच नव्हता.

दुसरं, "किंमत कमी दाखवली की मुद्रांक वाचतो." वाचत नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाने येणारी, किंमत यात जी जास्त तिच्यावर लागतं. या फ्लॅटची रेडी रेकनरने किंमत ५८ लाख येत होती. पुणे महापालिका हद्दीत तेव्हा एकूण सात टक्के: मूळ पाच, स्थानिक संस्थेचा एक, मेट्रोचा एक. खरेदीदार केवळ महिला असेल तर एक टक्का सूट. म्हणून दस्त एकट्या बहिणीच्या नावे केला, मेहुणे बँकेत फक्त सहकर्जदार राहिले. सहा टक्क्यांनी ३ लाख ४८ हजार, अधिक नोंदणी शुल्क ३० हजार. मेहुण्यांचं नाव दस्तात घातलं असतं तर ५८ हजार जास्त गेले असते. त्यांनी एका शब्दात होकार दिला.

तिसरं मत आत्याचं होतं आणि ते सगळ्यात महाग पडलं असतं: "मी माझ्या भाचीला स्वस्तात दिलं तर सरकारचं काय जातं?" विकणाऱ्याच्या बाबतीत आयकर कायदा नातं पाहत नाही. कलम ५०सी म्हणतं, रेडी रेकनरची किंमत कराराच्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल तर भांडवली नफा मोजताना रेडी रेकनरचीच किंमत धरायची. पंचेचाळीसचे ११० टक्के म्हणजे साडेएकोणपन्नास. रेकनर ५८. म्हणजे आत्याच्या हातात ४५ येणार आणि कर ५८ वर.

मी वहीत मांडून दाखवलं. घर २००१ आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ ची बाजारभाव किंमत धरता येते. ती त्या दिवशीच्या रेडी रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाने ती ७ लाख काढली. २०२३-२४ चा महागाई निर्देशांक १०० च्या पायावर ३४८, म्हणून वाढीव मूल्य २४ लाख ३६ हजार. ५८ मधून ते वजा केलं तर नफा ३३ लाख ६४ हजार, त्यावर २० टक्के आणि उपकर मिळून कर जवळपास ७ लाख. पंचेचाळीस घेऊन सात भरायचे, हातात ३८.

आता ५८ ला १.१ ने भागा. ५२ लाख ७३ हजार. किंमत याच्या वर ठेवली की ५०सी लागतच नाही, करारातलीच किंमत धरली जाते. ५३ लाख घेतले तर नफा २८ लाख ६४ हजार, कर ५ लाख ९६ हजार, हातात ४७ लाख. किंमत आठ लाखांनी वाढवली की आत्याच्या हातात नऊ लाख जास्त.

आत्याने बेरीज दोनदा तपासली. मग विचारलं, "आणि तिला आठ लाख जास्त पडतात त्याचं काय?"

इथे एक जण म्हणाला, त्रेपन्न दाखवा आणि आठ लाख नंतर भेट म्हणून परत करा. आत्याने भाचीला दिलेली भेट करमुक्त असते हे खरं आहे. पण आधी ठरवून परत करायची रक्कम ही भेट नसते, ती खोटी किंमत असते. बँक त्रेपन्नावर कर्ज देणार, आणि मी जन्मभर असली प्रकरणं नाकारत आलो. मी ते स्पष्ट नाकारलं. आत्यालाही सांगितलं, तुझ्या वहीतला हिशेब आज ७१ व्या वर्षाचा आहे. ८४ व्या वर्षी दिवसभराची बाई लागली तर त्या वहीत ते पान नाही.

बहीण मात्र पहिल्यापासून ५८ म्हणत होती. तिचं म्हणणं साधं होतं, बाजारात मला सत्तर पडले असते. आत्या अठ्ठावन्न ऐकायला तयार नव्हती. शेवटी ५३ वर दोघी थांबल्या. बाजारभावापेक्षा सतरा लाख कमी, ही आत्याची भाचीला उघड दिलेली सवलत. तिने ती चुलत-मामे सगळ्या भावंडांसमोर आकड्यासकट सांगितली. नात्यातली सूट अशी मोठ्याने सांगितलेली बरी. दोन वर्षांनी कोणीतरी ती शोधून काढली की तिचं "फ्लॅट लाटला" होतं.

खरेदीदाराच्या बाजूने आणखी एक गोष्ट. बाजारात कोणी रेकनरपेक्षा बरंच स्वस्त घर घेतलं तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो, कलम ५६(२)(एक्स). नातेवाईकाकडून घेतलं तर नाही. आणि नातेवाईक कोण, हे घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचं. बहिणीसाठी आत्या म्हणजे वडिलांची बहीण, म्हणून ती व्याख्येत बसते. उलट बहिणीने आत्याला घर विकलं असतं तर भावाची मुलगी व्याख्येत बसत नाही. चुलत आणि मावस भावंडंही बसत नाहीत. एकाच नात्याची दोन टोकं कायद्याला वेगळी दिसतात. चुलत भावाकडून स्वस्तात घर घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

ही सगळी २०२३ ची गणितं आहेत. २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्यावरचा दर साडेबारा टक्के झाला आणि निर्देशांकाचा लाभ गेला. त्याआधी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना जुन्या आणि नव्या पद्धतीतला कमी कर निवडता येतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

बँक

नात्यातला व्यवहार म्हटला की आम्ही बँकेत पहिला प्रश्न हा विचारायचो: घर खरंच हात बदलतंय, की कर्ज उचलायला नुसता कागद फिरतोय? बहिणीच्या बँकेनेही तेच विचारलं. आत्या कुठे राहायला जाणार, याचा पुरावा मागितला. तळेगावच्या निवासाचं पत्र दिलं. किंमत रेकनरच्या जवळ असल्याने आणि हक्कसोडपत्र आधीच नोंदवलेलं असल्याने पुढे अडलं नाही. ३९ लाख मंजूर झाले, २० वर्षं, ८.७५ टक्क्यांनी हप्ता साडेचौतीस हजारांच्या घरात. चौदा लाख बहिणीचे स्वतःचे. एकही रुपया रोखीने नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, नातं असो वा नसो.

उगमकर कपात (टीडीएस) घरातल्या व्यवहारात हमखास राहून जाते. करारातली किंवा रेडी रेकनरची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कापून भरायचा, तेव्हा २६क्यूबी फॉर्मने. तोही दोन्हींतल्या जास्त रकमेवर, म्हणजे ५३ वर नाही, ५८ वर. ५८ हजार. बहिणीला आत्याचे पैसे कापायला संकोच वाटत होता. आत्यानेच तिला समजावलं, पगारातून कापतात तसंच आहे, मला विवरणपत्रात परत धरता येतं. तेच न कापता राहिलं असतं तर नोटीस बहिणीला आली असती.

अंगठा

साठेखत, म्हणजे खरेदीखताच्या आधीचा विक्रीचा करार, गणपतीत नोंदवलं. १९ सप्टेंबरला चतुर्थी होती आणि महिनाअखेरीस पितृपक्ष लागत होता. आत्याला पितृपक्षाच्या आत हवं होतं.

दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी होती. टोकन घेऊन आम्ही दोन तास बसलो. आत्याने घरून पोळी-भाजीचा डबा आणला होता. आमचा नंबर आला, फोटो झाला, बहिणीचा अंगठा लगेच उमटला. आत्याचा उमटेना. यंत्रावर ठेवला की पडद्यावर नुसता पांढरा डाग. कर्मचाऱ्याने हात पुसायला लावले, दुसरं बोट घेतलं, परत अंगठा. आत्या ओशाळली. "खडूने झिजला असेल," म्हणाली. त्याने ओला रुमाल दिला, अंगठा दाबून धरला, आणि पाचव्या वेळी रेघा दिसल्या.

निबंधकांनी तिला विचारलं, "आजी, दस्त वाचला का? स्वखुशीने करताय ना?" तिने मान डोलावली नाही. सरळ बसून सांगितलं, "वाचला. माझ्या वकिलांनी सगळा समजावून सांगितला. बत्तीस पानं आहेत." मला त्या क्षणी वेगळा वकील लावल्याचं सार्थक वाटलं.

दस्तात एक कलम आत्याच्या वकिलांनी घातलं होतं: पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा नाही, आणि ताबा दिल्यानंतरही सामान हलवायला तीस दिवस. बहिणीच्या वकिलांनी घातलेलं दुसरं: कोणतं जोडसामान घरासोबत आणि कोणतं नाही. गिझर, दोन पंखे, स्वयंपाकघरातली मांडणी बहिणीला. देव्हारा, शिवणाचं मशीन, यजमानांचं पुस्तकांचं कपाट आत्याचं. या यादीवर लोक हसतात. घर विकल्यावर नात्यात तेढ आलेली जी प्रकरणं मला माहीत आहेत, त्यातली निम्मी असल्याच वस्तूंवरून झालेली आहेत.

दसऱ्यानंतर बँकेने पैसे आत्याच्या खात्यात जमा केले आणि खरेदीखत झालं. मुद्रांक साठेखतावरच पूर्ण भरलेला असल्याने ते नाममात्र मुद्रांकावर झालं.

सोसायटी आणि पुढचं

सोसायटीने हस्तांतरासाठी ५० हजार मागितले, "विकास निधी" म्हणून. सभासदाच्या कुटुंबातल्या हस्तांतराला अधिमूल्य (प्रीमियम) लागत नाही, पण उपविधींतल्या कुटुंबाच्या व्याख्येत भाची नाही, त्यामुळे अधिमूल्य द्यावं लागणारच होतं. मात्र महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे, ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाने. परिपत्रकाची प्रत अर्जाला जोडली. पंधरा दिवस उत्तर आलं नाही, मग सचिवांनी २५ हजार आणि ५०० हस्तांतर शुल्क घेऊन पावती दिली. वीज मीटर, गॅस, मिळकतकर यांची नावं बदलणं दोन महिने चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त आत्याच्या नावावरची मीटरची अनामत परत घ्यायला विसरू नका.

आत्याने सहा महिन्यांच्या आत २० लाख रुपये ५४ईसी बाँडमध्ये गुंतवले. त्यात घातलेल्या भांडवली नफ्यावर कर लागत नाही. पाच वर्षं ते अडकून राहतात आणि व्याज तेव्हा सव्वापाच टक्के, म्हणून सगळा नफा त्यात घालायला मी सांगितलं नाही. तिला हाताशी पैसे हवे होते. निवासाची अनामत भरणं म्हणजे घर घेणं नव्हे, त्यामुळे दुसऱ्या घराची करसवलत तिला मिळत नव्हती. उरलेल्या ८ लाख ६४ हजारांच्या नफ्यावर १ लाख ८० हजार कर बसला. त्यातले ५८ हजार बहिणीने आधीच भरलेले होते.

शेवटचं काम आत्याच्या वकिलांनी सुचवलं आणि तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण केलं: तिचं मृत्युपत्र. मूल आणि पती नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या कमाईचा पैसाही आधी पतीच्या वारसांकडे जातो, तिच्या भावंडांकडे नाही. सासूबाईंच्या प्रकरणानंतर हे तिला फार समजवावं लागलं नाही. कोणाला काय दिलंय ते तिने कोणाला सांगितलेलं नाही. साक्षीदार निवासातले दोन शेजारी आहेत, दोघांनाही त्यात काही मिळत नाही. मूळ प्रत वकिलांकडे आहे आणि बंद पाकीट आत्याच्या कपाटात, हक्कसोडपत्र आणि खरेदीखताच्या प्रतीखाली.

घंगाळ नणंद जुलैतच घेऊन गेली. रेल्वेत सांभाळून नेता यावं म्हणून आत्याने ते जुन्या नऊवारीत गुंडाळून दिलं होतं.